वडिलांना चढवलेला कोट

माझ्या चित्रांत आता पाच-सहा रेघांपलीकडे फारसं काही नसतं. लोक विचारतात, चेहरे कुठे गेले? मी काहीतरी जड उत्तर देऊन वेळ मारून नेतो. खरं कारण असं, की एकेकाळी मी चेहऱ्यांचा नुसता बाजार मांडला होता.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. कर्जतच्या बाजारात माझं पोर्ट्रेटचं दुकान होतं आणि मेलेल्या माणसांना कोट चढवणं हा माझा धंदा. खोपोलीच्या नाहीतर रसायनीच्या कारखान्याच्या पासावरचा एवढासा फोटो गिऱ्हाईक आणून देई, त्यावरून मी हातभर चित्र काढी. पुरुषाला कोट-टाय, बाईला गळाभर सोनं, आणि दोघांचाही रंग चांगला उजळ. कोणी हरकत घेतली नाही. आमच्या बौद्ध वस्तीत तर निळ्या कोटाला फार मान. तो मी इतका रंगवला होता, की डोळे मिटून बटणं टाकली असती.

एका सकाळी भिवपुरीजवळच्या आमच्या गावातून आई दुकानात आली. भिंतीवरची चित्रं बघत राहिली. मग म्हणाली, "तुज्या बाचं येक काड. मला आताशा त्याचं तोंड आठवंना झालंय रं."

एवढं बोलून ती पाणी प्यायली. मी मात्र घाबरलो. बाप गेला तेव्हा मी दोन वर्षांचा. फोटो एकही नाही. त्याचा चेहरा फक्त तिच्याकडे होता, आणि आता तिच्याकडूनही चालला होता.

मी बापावर गेलोय असं सगळे म्हणत. म्हणून समोर आरसा ठेवून मी माझंच तोंड काढलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि निळा कोट चढवला. खिशाला पेन लावलं. बाप गवताच्या वखारीत गठ्ठे वाहायचा, सही म्हणून अंगठा उठवायचा, आणि धर्मांतराच्या आदल्या वर्षीच गेला. मला वाटलं, जे मिळालं नाही ते निदान चित्रात तरी देऊ. मोठ्या तोऱ्यात मी चित्र घरी नेलं.

आईनं ते दारातल्या उजेडाला धरलं. "ह्यो तूच हायेस," ती म्हणाली. मग म्हणाली, "आन तू पन नायस. तू कुटं कोट घालतोस?"

मला राग आला. "मग कसा होता, ते सांग तरी," मी म्हणालो.

नाक-डोळे काही तिला सांगता येईनात. "उजवा खांदा उतरता व्हता," ती म्हणाली. "गट्टे वाहून. बसला का मान पुडं काडून बसायचा. हाक मारली तरी लगेच वर बगायचा नाय."

मी जमिनीवर कागद पसरला आणि चुलीतला विझलेला कोळसा घेतला. खांदा काढला. "अजून खाली," ती म्हणाली. मान काढली, पाठ काढली. सवयीनं हात डोळ्यांकडे गेला, तर म्हणाली, "ते नको. ते मला म्हाईत नाय आता." मग कान, केस, मागची भिंत, सगळंच राहिलं. कलाशाळेतल्या माझ्या मास्तरांनी असलं चित्र पुरं म्हणून घेतलं नसतं. मलाही ते अर्धवटच वाटत होतं.

हात धुऊन परत आलो, तर आई कागदासमोरून सरकून भिंतीशी बसली होती. तिनं डोक्यावर पदर घेतला होता. घरात आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं, आणि घरात तिला असा पदर घेतलेला मी जन्मात पाहिला नव्हता. कागदावर तिला बाप दिसला होता. मला नाही. मला एकदम रडू आलं. काही सुचेना, म्हणून मी पुन्हा कोळसा उचलला.

"ऱ्हाऊ दे," ती हळू आवाजात म्हणाली. "आता हात लावू नको त्याला."