आधी चळत, मग धागा

माझी धाकटी जाऊ प्रोग्रॅम लिहिते आणि लिहिलेलं पुटपुटत वाचते. तेही मराठीत. "हे घे, ते बघ, नसेल तर मागे फीर." सासूबाई म्हणतात, "झाला हिचा जप सुरू." मी म्हणते, असू दे, जपात तिचं मन तरी लागतं. माझं देवापुढे बसूनही गॅसवरच्या दुधात असतं.

तिची लेक शाळेत जायला लागल्यावर जावेनं पुन्हा नोकरी धरली. शहराच्या पाण्याचं काम. पाइप फुटला की कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा ते तिचा प्रोग्रॅम सांगतो. फुटल्या जागेपासून एकेक पाइप मागे जात जात शोधतो. तक्रारी येतील तितके शोधणारे एकदम कामाला लागतात. त्यांना ती धागे म्हणते.

नव्या कचेरीत मात्र तिचं पुटपुटणं बंद झालं. शेजारच्या टेबलावरचा एकजण म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटरवर मंत्र टाकताय का?" सगळे हसले. त्या दिवसापासून हिनं ओठ मिटले.

मग टेकडीवरची नवी लाइन प्रोग्रॅममध्ये आली. बाकी शहर ठीक, पण टेकडीवरचा पाइप शोधायला लावला की प्रोग्रॅम मधेच बंद पडायचा. साहेब म्हणाले, "उद्या पाणीखात्याचे लोक बघायला येतायत. टेकडी चालली नाही तर हे काम दुसऱ्याकडे देऊ. तुम्हाला काहीतरी सोपं बघू."

संध्याकाळी माझ्याबरोबर बटाटे सोलताना तिनं हे सांगितलं. "काहीतरी सोपं" म्हणताना तिनं साल जाडच काढली. घरी होती तेव्हा हेच ऐकत आली होती ती.

"पण बिघडलंय काय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, प्रत्येक धाग्याला वाट लक्षात ठेवायला जागा लागते. चळत म्हणतात तिला. एक पाइप ओलांडला की एक ताट वर ठेवायचं, परत येताना एकेक उचलायचं. टेकडीची लाइन लांबच लांब, ताटं फार. फळी अपुरी पडते."

"मग मोठी फळी दे."

"दिली ना! तरी तेच."

"सगळ्यांनाच मोठी देऊन टाक."

"मशीन जुनं आहे. धागे शेकड्यानं. सगळ्यांना मोठी दिली तर जागाच संपेल."

"म्हणजे आपल्या स्वयंपाकघरासारखंच की," सासूबाई म्हणाल्या. "आणि आज जप नाही ऐकू आला तो?"

"डोळ्यांनी पुन्हा पुन्हा वाचलंय, आई."

"मला डोळ्यांचं ऐकू येत नाही बाई."

जाऊ जरा चिडूनच लॅपटॉप घेऊन आली. बटाट्याच्या सालींशेजारी ठेवला आणि वाचू लागली. "टेकडीचा धागा सुरू कर. चळतीचा आकार मोठा कर. उत्तराची वाट बघ..."

थांबली. पुन्हा पहिली ओळ वाचली.

"अगं बाई!"

"काय गं?" मी विचारलं.

"ताई, धागा सुरू होतानाच त्याची चळत ठरते. नंतर सांगून उपयोग नाही. मी ताटं रचायला लागल्यावर मोठी फळी आणायला गेले!"

"मग मशीननं तुला टोकलं कसं नाही?"

"ते ऐकून घेतं, आणि पुढच्या धाग्याला देतं."

"अगदी माझ्या मुलांसारखं," सासूबाई म्हणाल्या. "आज हो म्हणायचं, करायचं पुढच्या खेपेला."

तिनं चळतीची ओळ वर नेली. पुटपुटत खाली आणखी एक घातली, "धागा सुरू झाला की आकार पुन्हा लहान कर," नाहीतर पुढचे सगळेच मोठी चळत मागत येतील. मग टेकडीवरचा पाइप फोडला, म्हणजे लॅपटॉपमध्ये. आम्ही तिघी पडद्याकडे बघत राहिलो. उत्तर आलं : टाकीखालचा व्हॉल्व्ह. त्यानंतर तिनं अर्धवट सोललेला बटाटा पुन्हा हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी मी देवापुढे जरा जास्त वेळ डोळे मिटले. मागितलं काही नाही, काम तिनं केलंच होतं. फक्त तिचा हात स्थिर राहू दे, एवढंच मनात आलं.

दुपारी तिचा फोन आला. "ताई, टेकडी चालली. साहेब म्हणाले, पुढचं कामही तुम्हीच घ्याल ना?"

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, घेईन. पण वाचीन मोठ्यानं."