सुट्टीवर गेलेला बाप

मुलुंडला आमच्या समोरच्या दारात राहणारा तो फोनवर बोलायला लागला की खाली वॉचमनलाही ऐकू जायचं. मुलगी झाली आणि त्यानं ऑफिसातून सुट्टी घेतली. बायकोचं सिझेरियन, मदतीला दुसरं कुणी नाही. जिन्यात लोक चिडवायचे, "काय रे, बाळंतीण तू की ती?" तो हसून दुपटी वाळत घालायचा.

एका दुपारी मी डिंकाचे लाडू द्यायला गेले. मुलगी त्याच्या छातीवर झोपली होती. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. उद्यापासून ये, नाहीतर नवी टीम दुसऱ्याला देतो, हे मलाही ऐकू आलं. त्या टीमचा प्रमुख होण्यासाठी तो वर्षभर राबला होता.

"द्या सर त्याला," तो कुजबुजला. फोन ठेवून त्यानं मुलीचं दुपटं सारखं केलं.

"अरे, पस्तावशील ना!"

"पस्तावेनही, काकू. पण हिला आंघोळ घालायला आत्ता कुठे जमायला लागलंय."

टीम खरंच दुसऱ्याला मिळाली. सुट्टी संपली त्या सकाळी तो बूट घालायला दारात बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. बायकोनं आतून हाक मारली, तेव्हा बाहीनं डोळे पुसून तो जिना उतरला.