सदलग्यात अडकलेला तानपुरा

“बंद करून परत चालू कर की मामा.”

“डोकं फिरलंय का तुझं? अखंड सप्ता हाय ह्यो!”

मामांच्या आवाजामागून ‘ऊंऽऽऽ’ असा एकसुरी घुमारा येत होता, ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहून फोन केल्यासारखा. तो माझाच तानपुरा होता. म्हणजे मीच लिहिलेला.

मी बेळगावात वडगावला राहते आणि घरी बसून बेंगळुरूच्या एका कंपनीसाठी ऑडिओ प्लगइन लिहिते. प्लगइन म्हणजे गाण्याच्या सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. एखादं आवाज घुमवतं, एखादं खरखर काढून टाकतं. आमचं तानपुरा वाजवतं.

मामा सदलग्याचे. त्यांच्या गावच्या सप्ताहात सात दिवस वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. ती खाली टेकत नाही, तिचा सूर तुटत नाही. दोन तासांचा पहारा झाला की पहिला विणेकरी दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि पुढं चालू. यंदा ऐनवेळी विणेचा भोपळा तडकला. वीणा मिरजेला दुरुस्तीला गेली आणि तिथंच राहिली. तेव्हा मामा भरल्या सभेत उठून म्हणाले, “काळजी करू नगासा. माझ्या भाचीचा तानपुरा हाय. सूर तुटला तर मी जबाबदार.”

आता सप्ताह तुटला असता तर वर्षभर गावात बोअर आटली तरी मामा आणि कुणाचं लग्न मोडलं तरी मामाच. हे त्यांनाही ठाऊक होतं. फोनवर ते सांगत होते,

“गाणाऱ्यास्नी सूर लावता येईना. निम्मी लोकं म्हणत्यात बिघाड झालाय, निम्मी म्हणत्यात सूर समाधीला लागला. दोघं नारळ फोडून गेली!”

मी कंपनीतल्या आमच्या सरांना फोन लावला.

“सर, तानपुरा अडकला.”

“कुठे?”

“सदलग्यात.”

“किती वेळ चालू होता?”

“आज तिसरा दिवस.”

“तिसरा दिवस? रीस्टार्ट करायला सांगा.”

“करता येत नाही सर. सप्ताह आहे.”

सर म्हणाले, “हा एरर मी पहिल्यांदा ऐकतोय.”

एरर काय होता ते सांगते. कुठली तार कधी छेडायची हे आमच्या प्लगइनमध्ये एक काउंटर ठरवतो. तो सारखा एकेक मिळवत जातो. हा आकडा आम्ही सिंगल प्रिसिजनमध्ये ठेवला होता. म्हणजे आकडा लिहायला लहान चौकट. त्यात साधारण सात अंक नीट मावतात. आकडा दीड-पावणेदोन कोटीच्या आसपास गेला की त्यात एक मिळवला तरी तो जागचा हलत नाही. उसानं भरलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या काट्यावर उभा आहे आणि तुम्ही वर एक कांडं टाकलं, तर काटा हलतोय होय? तसंच. काउंटर थांबला आणि तानपुरा पंचमाच्या तारेवर ‘ऊंऽऽऽ’ करत बसला. डबल प्रिसिजनची चौकट दुप्पट मोठी असते. तिथं हा प्रकार आपल्या हयातीत होत नाही.

मी हे तेव्हाच म्हटलं होतं. पण सर म्हणाले होते, “आपल्याकडे सगळं सिंगलमध्ये. हलकं पडतं. दोन-दोन दिवस सलग तानपुरा कोण लावणार?” आता लावला की नाही? मला असा संताप आला होता म्हणून सांगू! पण मामांनी गावाला दिलेला शब्द आठवला आणि सदलग्याची बस गाठली.

बदल फक्त एका शब्दाचा होता. काकती मागं पडेपर्यंत मांडीवरच्या लॅपटॉपवर तो केला आणि संकेश्वर यायच्या आत नवा तानपुरा तयार झाला.

मंडपात पाऊल टाकलं आणि जागीच थबकले. मामांचा लॅपटॉप उपरण्यात बांधून एका पैलवान गड्याच्या गळ्यात अडकवलेला. स्क्रीनवर गंध, बुक्का, तुळशीची माळ. चार्जरची वायर हातात धरून एक म्हातारबा मागनं चालतोय. वायर संपली की विणेकरी वळतो, म्हातारबाही वळतो. आणि वर ‘ऊंऽऽऽ’.

मी म्हटलं, “माझा लॅपटॉप शेजारी लावूया. याचा आवाज हळूहळू चढवायचा, त्याचा उतरवायचा. सूर तुटणार नाही.”

मामांचा चेहरा उजळला. पण भजनी मंडळाचे आप्पा, वय ऐंशीच्या पुढं, मान हलवून म्हणाले, “पहाऱ्याला माणूस बदलतो, वीणा बदलत न्हाय.”

मग सभा बसली. कुणी म्हणालं, वीणा म्हणजे लॅपटॉप का त्यातला सूर? कुणी म्हणालं, चार्जर विणेत धरायचा का? मामा खांबाला टेकून बसले होते. शेवटी उठले आणि आप्पांच्या पायावर डोकं ठेवून रडायलाच लागले. “आप्पा, मी शब्द दिलाय वो गावाला.”

आप्पांनी डोळे मिटले. बराच वेळ ‘ऊंऽऽऽ’ ऐकत राहिले.

“ऊठ रं. माणूस बदलतो तवा वीणा तीच ऱ्हाती. आता वीणा बदलायची तर माणूस तोच ऱ्हाऊ दे. दोन्ही एकदम बदलायचं न्हाय. झालं?”

आधी मामांनी आपल्या लॅपटॉपसकट पैलवानाकडून पहारा घेतला. मग माझाही त्यांच्याच गळ्यात अडकवला. मी मंडपातल्या स्पीकरच्या मिक्सरवर एक बटण चढवलं, दुसरं उतरवलं. पंचम मागं सरला आणि तार छेडली गेली. मग पुढची, मग पुढची. टाळकऱ्यांनी असा काही गजर केला की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू?

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. आता माझा ऑफिसचा लॅपटॉप वीणा झाला होता. शेवटच्या दिवशीच्या काल्यापर्यंत खाली टेकायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. मी फोनवरून हजर झाले. कोड दाखवायचा म्हणून विणेकऱ्याच्या पुढं उलटी चालत कॅमेरा त्याच्या छातीवर धरला.

“बुक्का बाजूला करा,” सर म्हणाले. “ओळ दिसत नाही.”

मी बोटानं पुसला.

“हा कंपनीचा लॅपटॉप आहे ना?”

“काल्यानंतर परत कंपनीचा होईल सर.”

मागून म्हातारबा ओरडला, “आक्का, वळा! वायर संपली!”

सप्ताह अखंड पार पडला. मामांनी लॅपटॉप शाल-श्रीफळासकट माझ्या हातात दिला. कीबोर्डमधून अजून बुक्का निघतो. प्लगइनमध्ये आम्ही फक्त तो काउंटर डबल केला, बाकी आवाज सिंगलमध्येच ठेवला. कानाला सिंगल पुरतं, फरक कळत नाही. सारखं मोजत राहणाऱ्याला मात्र पुरत नाही. आणि ‘असं कोण करणार?’ असा प्रश्न मनात आला की समजावं, कुठंतरी कुणीतरी गळ्यात अडकवून तेच करतंय.

परवा नव्या प्लगइनच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाला, “इतका वेळ सलग चालवणार कोण?”

सर मला म्हणाले, “मामांना विचारा, पुढचा सप्ताह कधी आहे.”