किती बाहेर?

तुम्ही पाठवलेला खेळ पोचला. त्यातला इंग्रजी नियमांचा कागद मी आधी सावकाश वाचून काढला. नियम वाचल्याशिवाय सोंगट्यांना हात लावायचा नाही, ही माझी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. फासे सगळ्यांचे, डाव सगळ्यांचा. कुणी एकटं जिंकत नाही, आणि हरलो तर सगळे हरतो. 'आजी, असा खेळ तू कधी पाहिला नसशील,' असं तुम्ही लिहिलंत. पाहिला आहे. खेळलेही आहे, आणि तेव्हा माझे तळहात घामानं ओले असायचे.

आम्ही तेरला राहत होतो, निजामाच्या राज्यात. पोलीस अॅक्शन व्हायच्या आधीचा तो उन्हाळा. गावच्या चावडीत बंदूकवाले येऊन राहिले होते. आमच्या घरात त्यांना नावानं कुणी बोलत नसे. 'ते' म्हटलं की पुरे. दुपारपासूनच दाराला आडणा लागायचा. आत आम्ही पाच माणसं: आई, माझे वडील म्हणजे आबा, त्यांची थोरली विधवा बहीण म्हणजे आत्या, मी आणि माझी धाकटी बहीण.

वेळ जावा म्हणून आत्या कापडी पट पसरायची. आधी आम्ही सगळ्यांसारखंच खेळत होतो, एकमेकांच्या सोंगट्या मारत. एकदा धाकटीनं माझी सोंगटी मारली आणि "मारली! मारली!" म्हणून नाचायला लागली. त्याबरोबर दारावर बंदुकीचा दस्ता आपटला. बाहेरून आवाज आला, "किसकू मारा रे?" आबांनी बाहेर जाऊन, हात जोडून, पोरी खेळतायत म्हणून सांगितलं. ते हसत निघून गेले. आत आलेल्या आबांच्या कपाळावर घाम होता.

त्या दिवशी आबांनी खेळाचे नियम बदलले. पटाखाली गोधडी घालायची, म्हणजे कवड्या वाजणार नाहीत. सोंगटी मारायची नाही. चारी रंग आपलेच. आपलं दान हवं तर दुसऱ्याच्या सोंगटीला द्यायचं. त्यांनी तेरणेच्या पात्रातला एक काळा खडा आणून पटाच्या टोकाला ठेवला. सगळ्या कवड्या पालथ्या पडल्या की खडा एक घर पुढं सरकणार. सगळ्या सोंगट्या मधल्या घरात जायच्या आधी खडा तिथं पोचला, तर डाव गेला. आणि प्रत्येक दानाआधी खेळणाऱ्यानं हळू आवाजात विचारायचं, "किती बाहेर?" बाकीच्यांनी सोंगट्या मोजून तितक्याच हळू उत्तर द्यायचं. ओरडायची सवय मोडावी म्हणून आबांनी ते काढलं होतं.

मग आबांवरच वेळ आली. बार्शीहून चोरून येणारं वर्तमानपत्र ते शेजाऱ्यांना वाचून दाखवत. कुणीतरी ते चावडीवर सांगितलं. पकडायला यायच्या आत आबा निजामाच्या हद्दीपलीकडं बार्शीला निघाले. तिथं खोली बघायची आणि परत येऊन आम्हाला न्यायचं, असं ठरलं. जाताना आईला बजावलं, "मी सोडून कुणालाबी दार उघडायचं न्हाय. कुणालाबी."

आठवड्यात येतो म्हणाले होते. आठवडा गेला, मग पंधरवडाही गेला. रस्त्यात माणसं धरतात, विहिरीत टाकतात, असं पाणी भरायला गेलेली आत्या ऐकून यायची आणि आमच्यासमोर सांगायची नाही. पण रिकामी घागर तशीच खाली ठेवून ती आईकडं बघायची, त्यावरून मला कळायचं.

आता आम्ही रोज खेळत होतो. सोंगट्या आधी पोचल्या तर आबा येणार, खडा आधी पोचला तर नाही, असं मी मनात धरलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. आई म्हणायची, "खेळ हाय गं तो. एवढं काय तोंड पाडून बसतीस?" त्या म्हणण्याचा मला फार आधार होता.

एका दुपारी खडा अगदी मधल्या घराच्या तोंडाशी आला. आत्या पाणी प्यायला उठली, धाकटी तिच्यामागं गेली. मी डोळे मिटून भिंतीला टेकले होते. उघडले तेव्हा आई गोधडीची सुरकुती सारखी करत होती, आणि सारखी करता करता तिनं खडा बोटानं दोन घरं मागं ढकलला.

मी पुन्हा डोळे मिटले. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. आईनंही मनात तेच धरलं होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनीच दार वाजलं. ऊन कडक होतं. धाब्याच्या छताला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून कवडसा पटावर पडला होता. एकच सोंगटी राहिली होती, आणि कवड्या आईच्या मुठीत होत्या.

"कौन है घर में? दरवाजा खोलो!"

कुणी हललं नाही.

"घरवाला किधर है? कबसे ढूंढ रहा हूं उसकू!"

आत्या आईच्या कानाशी लागली. "आवाज वळखीचा वाटतोय."

"वन्सं, गप बसा. ह्यांनी सांगितलंय, कुणालाबी उघडायचं न्हाय."

"पर आवाज..."

"पाया पडते तुमच्या."

बाहेर बूट वाजले, दोन पावलं लांब गेले. आईची मूठ इतकी घट्ट होती की बोटं पांढरी पडली होती. ती एकाएकी सैल पडली. कवड्या गोधडीवर न पडता फरशीवर सांडल्या आणि खळखळ वाजल्या. तेवढ्या शांततेत तो आवाज गल्लीभर गेला असेल असं मला वाटलं. बूट थांबले, परत फिरले, दाराला लागून उभे राहिले. मी धाकटीचा हात धरला.

दाराच्या फटीतून हळू आवाज आला, "किती बाहेर?"

धाकटी सवयीनं बोलून गेली, "एक."

आईनं तिच्या तोंडावर हात दाबला. पण फटीतून पुन्हा आवाज आला, तितकाच हळू, "मग घ्या की आत."

आत्यानं आडणा काढला. आत आला तो लाल रुमी टोपी आणि शेरवानी घातलेला, मिशी काढलेला माणूस. धाकटी किंचाळणार तोच आत्यानं तिला पदरात घेतलं. आबांच्या बार्शीतल्या एका मुसलमान मित्रानं स्वतःचे कपडे देऊन त्यांना एवढ्या वाटेनं सुखरूप पाठवलं होतं. चावडीवरचे दोघे गल्लीच्या तोंडाशी बसलेले बघून आबा स्वतःच्याच दारात उभं राहून स्वतःलाच शोधत होते.

"तुमीच म्हनला व्हता, कुणालाबी न्हाय," आई म्हणाली.

"चुकलंच माझं," आबा म्हणाले, "एवढं नीट ऐकशील असं वाटलं न्हवतं."

आत्या हसली, तोंडावर पदर धरून. उजाडायच्या आधी बैलगाडीत बसायचं आहे, भांडी राहू द्यायची, असं आबा भराभर सांगायला लागले. भीती गेली नव्हती, पुढची वाट सगळी राहिली होती. आबांना पाणी द्यायला आई उठली, आणि तांब्या घ्यायच्या आधी पटाशी वाकली. बाहेर राहिलेली ती एक सोंगटी तिनं उचलून मधल्या घरात ठेवली, दान न टाकताच.

"हे चालतंय व्हय?" आत्यानं विचारलं.

"आज चालतंय," आई म्हणाली आणि पाणी आणायला गेली.