पांढऱ्या तोंडाचा कोंबडा अन् मातामायचा नवस

भ्या मले सगळ्याचंच वाटते. आभाळातल्या इजेचं वाटते, आत्याबाईचं म्हनजे माह्या सासूचं वाटते, अन् पोरगी झाल्यापासून तं तिच्या नुसत्या शिंकीचंही वाटते. शाळा मी आठवीतच सोडली, स्पेन नावाचा देश कुठीसा हाय हेही मले ठाव नव्हतं. अन् माह्याच घरी स्पेनची कोंबडी निंघाली.

झालं असं का मारेगावात ह्यायच्या ओळखीचे एक मोटारसायकलचे मेकॅनिक हायेत, आमी त्यायले भाईजान म्हनतो. पाखरायचा भारी शौक त्यायले. त्यायनं कुठून तरी लांबून एक जोडी आनली होती, इकडं कोनाजवळच नाई अशी. काळीशार, उन्हात हिरवी चमक मारे, अन् तोंड मात्र पांढरंफट. पन त्या मादीले एक खोड होती. अंडं घालाचं अन् निंघून जायाचं. त्याच्यावर बसाचंच नाई. भाईजान म्हने ही स्पेनची जात, ह्या बसतच नाईत. आत्याबाईनं आयकलं तं म्हनल्या, "कशी माय हाय वं ते! लेकरं दुसऱ्यायनं पोसाचे?"

तवाच आमची गावरान कोंबडी खुडूक झाली होती, जवळ गेलं का फुगून चोच मारे. तं ह्यायनं मिठाईच्या डब्यात कापूस घालून अंडी आनली अन् मले म्हने, "घे, बसव तिच्याखाली." मी डबा हातातच घेईना. सगळ्या खड्ड्यातून गाडीवर आलेली अंडी, त्यायच्यात जीव राह्यला असन का नाई, अन् नाई राह्यला तं नाव माहंच होईन. पन बसवली. थोड्या दिवसानं अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरून पाह्यलं तं आत लाल लाल रेघा, अन् मधात एक काळा ठिपका हालून राह्यला. मी अशी किंचाळली का आत्याबाई पीठ भरल्या हातानं पळत आल्या.

"काय झालं वं?"

"आत्याबाई, हालून राह्यलं आत!"

त्यायनं डोळे बारीक करून पाह्यलं. "अगं माय, अंड्याची सोनोग्राफी! पोरगा हाय का पोरगी, दिसते काय?"

"हळू बोला आत्याबाई, असं इचारनं गुन्हा हाय."

त्यायनं खरंच दारापाशी जाऊन बाहेर पाह्यलं, कोनी आयकलं तं नाई.

पिल्लं निंघाली तीनच, बाकी अंडी वाया गेली. वरून काळी, पोटाशी पांढरी, कोर्टातल्या वकिलावानी. मोठी होता होता समजलं का दोन माद्या हायेत अन् एक नर. अन् त्याच दिवसायत तिकडं भाईजानच्या नराले मुंगसानं नेलं. ते आमच्या घरी आले, आमच्या कोंबड्याकडं पाहून डोळ्यात पानी आनलं अन् म्हने, "भाभी, अब पूरा खानदान इसी पे है. हा गेला तं किस्सा खतम." तवापासून रोज फोन. "भाभी, शहजादा कैसा है?" माह्या पोरीची खबर कोनी इतकी घेतली नसन.

आता नवसाचं सांगते. पोरगी रांगत नव्हती तवा तिले ताप चढला अन् झटके आले. डोळे फिरवले तिनं माह्या मांडीवर. ते मले आजही दिसते. दवाखान्यात नेली, बरी झाली. पन गाडीत बसल्या बसल्या आत्याबाईनं गावच्या मातामायले बोलून टाकलं होतं का पोरगी घरी आली का एकरंगी काळा कोंबडा देईन, एकही पीस दुसऱ्या रंगाचं नाई असा.

असा कोंबडा भेटते कुठी? बाजारातून आनलेला काळा म्हनावा तं मानेवर सोनेरी पीस निंघे. कडकनाथ भेटते, पन आत्याबाई म्हने त्याचं मटनही काळं, देवीले तसं चालत नाई. नवस लांबत गेला, अन् एका सकाळी आमचा शहजादा खुराड्याच्या वर चढून आरवला. नखापासून शेपटापर्यंत काळा. तोंडही तवा निळसर काळंच होतं. आत्याबाईनं वर पाह्यलं अन् हात जोडले. "मायनं घरीच पाठवला वं!"



नाई म्हनावं तं देवीचं काम. पोरीले उद्या काही झालं तं? अन् हो म्हनावं तं त्या कोंबड्याले मी हातानं भरवला होता, तो गेला तं त्याची जातच गेली, अन् भाईजानले काय तोंड दाखवू? मी ह्यायले म्हनलं, "तुमी बोला ना आत्याबाईसंग." हे म्हने, "मी? तूच बोल." एवढे मोठे मिशावाले मानूस, माय दिसली का वावराकडं पळते.

मंग मी भाईजानले फोनवर हळूच इचारलं का ह्याचं तोंड पांढरं कवा होते. नवसाचं काही सांगितलं नाई. ते म्हने, "होईन भाभी, सब्र करो. उन्हापासून जपा, ऊन लागलं का तोंड लाल पडते." मी तवापासून त्याले दुपारचा घरातच ठेवे, रांजनामागं, सावलीत. आत्याबाई म्हने, "हळद लागलेल्या नवरीवानी घरात कायले कोंडलं त्याले?" मी म्हनलं, "देवीचा हाय ना, म्हनून." खोटं नव्हतं ते. रोज दिवा लावताना मी मातामायलेच म्हनो, माय, ह्याचं तोंड लवकर पांढरं कर, पन माह्या पोरीवर राग धरू नको. एकाच देवीले दोन्हीकडून गळ घालत होती मी.

अन् झालं. आधी डोळ्याखाली टिकली एवढं, मंग गालफडं, मंग सगळंच, जसं कोनी कनकीच्या डब्यात तोंड खुपसलं. आत्याबाईले तेच वाटलं. "अवं, पिठाचा डबा उघडा ठेवला काय?" म्हनून त्यायनं त्याले धरला अन् पदरानं पुसला. निंघेना. थुका लावून पुसला. निंघेना. कोंबडा आपला गुमान पुसू देत होता.

"आत्याबाई, ते जातीचंच हाय. आता तं तो एकरंगी नाई राह्यला."

त्यायनं कोंबडा खाली सोडला. दुसऱ्या दिवशी नवस फेडाचा होता, अर्ध्या गावाले सांगून झालं होतं, माह्या नंदबाई सासरहून लेकरं घेऊन आल्या होत्या. मले वाटलं जमलं, सुटला.

सकाळी चुलीपाशी गेली तं आत्याबाई खाली बसलेल्या, मांडीत कोंबडा, बाजूले उलटा ठेवलेला गंज, चुलीवरचं पातेलं. गंजाच्या बुडाची काजळी बोटावर घेऊन त्या कोंबड्याच्या तोंडाले चोळून राह्यल्या होत्या, लेकराले तीट लावावी तशा मन लावून.

"अशी पाहू नको वं," म्हने. "पाहुने आलेत."

मी पोरीले छातीशी धरली अन् मांगं मांगं चालली.

मातामायचं ठान गावाबाहेर कडूलिंबाखाली हाय. आमच्याकडं रीत अशी का कोंबड्यावर पानी शिंपडाचं, त्यानं अंग झाडलं का देवीनं कबूल केला, नाई झाडलं तं थांबाचं. भगतानं पानी शिंपडलं. कोंबडा हुभा. अजून शिंपडलं. हुभाच. भगतानं पान्यानं भरलेला आख्खा गडवाच त्याच्या डोक्यावर उपडा केला, अन् त्याच्या डोळ्याखालून काळं पानी गळाले लागलं.

नंदबाईची पोरगी म्हने, "मामी, कोंबडा रडून राह्यला."

तवा त्यानं अंग झाडलं. असं झाडलं का भगताच्या पांढऱ्या बंडीवर सगळे काळे शिंतोडे.

"झाडलं! झाडलं! कबूल हाय!" आत्याबाई वरडल्या.

भगतानं आधी आपली बंडी पाह्यली, मंग कोंबड्याचं तोंड बोटानं पुसलं, मंग बोट नाकाशी नेलं. "काकू, हे तं गंजाचं काजळ हाय."

ह्यायनं तोंडावर रुमाल धरला, हसू लपवत होते.

"मातामायले फसवता काय?"

मले वाटलं आता देवी इथंच कोपते. मी पोरीच्या कपाळाले हात लावून पाह्यला, गार होतं. पोरगी लिंबाच्या काड्या तोंडात घालत होती. माह्या तोंडातून कसं निंघालं मले ठाव नाई, मी म्हनलं, "महाराज, त्याचं तोंडच पांढरं हाय, मूळचं. तो स्पेनचा हाय."

"कुठला?"

"परदेशातला."

भगतानं कोंबड्याले फिरवून फिरवून पाह्यलं, पोरगी पाहाले आल्यावानी. "नाई चालत," म्हने. "देवीनं धुऊन पाह्यला अन् नापसंत केला. घरी न्या. पोरीचाच नवस हाय ना? तिच्या हातानं नारळ ठेवा, संपलं."

"मायचा राग तं नाई?" आत्याबाईचा आवाज एवढासा झाला होता. तवा मले पयल्यांदा समजलं का पोरीसाठी त्याही माह्याएवढ्याच भेल्या होत्या.

"राग असता तं खरं तोंड दाखवलं असतं काय तिनं?"

पोरीनं नारळाले हात लावला, मंग नारळाले चाटलं. पाहुन्यायले वांग्याची भाजी अन् रोडगे घातले, नंदबाई मटनाच्या आशेनं आल्या होत्या, त्या गुमसुम जेवल्या.

घरी येताना कोंबडा माह्या काखेत कुडकुडत होता. आत्याबाई मांगून आल्या, कोरडा पदर घेऊन त्याचं तोंड पुसाले लागल्या. "भेला तं नाई ना हा?" म्हने. "पुढच्या खेपीले ह्याची अंडी बसवजो. पन एक तरी पुरा काळा काढजो वं, मायले नाई तं नाई, मले तरी बरं वाटन."

तेवढ्यात भाईजानचा फोन आला. "भाभी, शहजादा कैसा है?"

"मस्त हाय," मी म्हनलं. "आताच आंघोळ करून आला."