समासातली पेन्सिल

"हळू बोल. बाहेर पोरं बसल्यात."

"हळूच बोलतीया. हे अक्षर कुणाचं हाय, तेवढं सांग."

"झेरॉक्स हाय ती, मंगल. झेरॉक्समधी सगळ्यांची अक्षरं सारखीच दिसत्यात."

"माझा ळ दिसत न्हाई कुणासारखा. तूच म्हणायचास, मंगलीचा ळ म्हंजी सुटल्याली गाठ. ही बघ. पान नऊ, पान अकरा, पान बारा. सगळीकडं गाठी सुटल्यात."

"बरं, असंल तुझं. मग?"

"मग वर राजेश्वरी म्याडमचं नाव कसं?"

धुळाने उत्तर द्यायच्या आधी मान वळवून काचेतून बाहेर पाहिलं. सांगलीत विश्रामबागेतल्या ह्या अभ्यासिकेत नव्वद खुर्च्या आहेत, आणि फेब्रुवारीत त्यातली एकही रिकामी नसते. ऑफिस म्हणजे कोपऱ्यात प्लायवूड मारून केलेला खोका. वर छत नाही. आत कुणी शिंकलं तरी बाहेर चार माना वळतात. भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी धुळाच्याच हातची. तिच्याखाली उभी राहून त्याची बहीण त्याच्याशी कुजबुजत भांडत होती, आणि कुजबुजीत तिचा आवाज जास्तच धारदार लागत होता.

टेबलावर कॉम्प्युटर सुरू होता. पडद्यावर यूपीएससीचा फॉर्म. नाव मंगल, आईचं नाव सुलाबाई, फोटो, सही, सगळं भरून झालेलं. एकच चौकोन रिकामा होता. वैकल्पिक विषय: निवडा. फॉर्म आज संध्याकाळी सहाला बंद होणार होता आणि घड्याळात पाचला दहा कमी होते. फोटो झेरॉक्सवाल्या लालासाहेबांच्या दुकानात स्कॅन करायचा होता, म्हणून मंगल अर्ध्या तासापूर्वी खाली गेली होती. तिथं रांगेत उभं राहून कंटाळली, म्हणून तिने समोरच्या रॅकमधली एक बाइंड केलेली वही उचलली. 'मानवशास्त्र, भाग दोन. टॉपरच्या नोट्स.' वर इथूनच पास झालेल्या राजेश्वरीचं नाव. आणि तिला त्यात स्वतःचं अक्षर भेटलं.

आता ती वही दोघांच्या मधे टेबलावर पडली होती.

धुळाला ह्या गावात सगळी पोरं 'सर' म्हणतात. तो कुठल्या कॉलेजात शिकवत नाही, त्याचा क्लासही नाही. अभ्यासिकेच्या मालकांनी, नानासोंनी, त्याला व्यवस्थापक म्हणून ठेवलंय. खुर्च्यांचे नंबर, किल्ल्या आणि पाण्याचे जार सांभाळणं हे त्याचं काम. पण जत, कवठेमहांकाळ, दहिवडीपासून नवी पोरं येतात ती खुर्चीआधी त्याचा खोका शोधतात. कारण ऑप्शनल. परीक्षेतले बाकीचे पेपर सगळ्यांना सारखेच. हा एकच विषय आपला आपण निवडायचा, त्याचे पाचशे मार्क, आणि एकदा फॉर्ममध्ये भरला की त्या वर्षी बदलता येत नाही. पोरं चुकतात ती तिथंच.

धुळा त्यांना भाषण देत नाही. खणातून एक कोरा कागद काढतो, समोर सरकवतो आणि म्हणतो, "मोबाइल इथं ठेव. पुस्तक उघडायचं नाही. तुला जे सगळ्यात जास्त माहिताय त्यावर पानभर लिही." पोरगं भांबावतं. कुणी क्रिकेटवर लिहितं, कुणी गावच्या निवडणुकीवर, एकानं तर आपल्या मामाच्या कोर्टकचेरीवर दोन्ही बाजू भरल्या होत्या. धुळा ते वाचतो, कागद घडी घालून परत देतो आणि विषय सांगतो. सहा वर्षांत साठ-सत्तर पोरांना त्याने असं सांगितलं असेल. फार कमी चुकला.

स्वतःच्या वेळी असा कागद त्याच्यापुढे कुणी सरकवला नव्हता. पहिल्यांदा इतिहास घेतला, कारण होस्टेलमधल्या रूममेटकडे पुस्तकं होती. मग भूगोल, कारण त्या वर्षी भूगोलवाले जास्त लागले होते. मग राज्यशास्त्र, ते का, हे त्यालाही आता आठवत नाही. प्रत्येक बदलात दोन वर्षं. वयाची अट संपायला एकच वर्ष उरलं तेव्हा एका मित्रानं डोळा मारून सांगितलं, "गड्या, तू धनगराचा. मानवशास्त्र घे की. पुस्तकात तुझ्याच घरचं लिहिलंय."

म्हणून धुळा वही घेऊन वाड्यावर गेला. वाडा म्हणजे त्यांच्या मेंढरांचा फिरता तळ, तेव्हा तो कराडच्या खाली एका उसाच्या खोडव्याशेजारी बसला होता. बारा वर्षं तो त्या वाटेनं चालला नव्हता. त्याने घडीची चटई अंथरली, पेन उघडलं आणि आईला विचारलं, "आई, तुमच्यात निर्णय कोण घेतं?"

सुलाबाई भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. "आमच्यात? आन तू कुणाच्यात रं?"

त्याने तेही हसून वहीत लिहून घेतलं होतं. त्या वर्षी मुख्य परीक्षेतच गळाला. वय संपलं. वही पत्र्याच्या पेटीत गेली.

मंगल त्याच्याहून सात वर्षांनी लहान. धुळा कॉलेजला सांगलीला आला त्या दिवाळीला तिची शाळा सातवीत सुटली. घोड्याचा कासरा कुणीतरी धरायला हवा होता. पुढे तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली, मेंढरांमागं बसून बारावी, मुक्त विद्यापीठातून बी.ए. वाड्यात सगळे म्हणायचे, पोरगी येडी हाय, कागुद खाती. आणि दोन वर्षांपूर्वी, असाच फेब्रुवारी होता, ती एस.टी.तून उतरून ह्याच खोक्यात आली. तिने पेटीतून धुळाची ती वही काढून आणली होती.

"दादा, मला ह्योच विषय घ्यायचाय. तुझी वही वाचली मी. चांगली हाय. थोडं थोडं चुकलं व्हतं तिथं पेन्सिलीनं लिवलंय. राग येऊ देऊ नगंस."

त्याने वही उघडली. त्याच्या निळ्या शाईच्या शेजारी, समासात, बारीक पेन्सिल. त्याने लिहिलं होतं: 'मुक्कामाची जागा पुरुषप्रमुख ठरवतो.' शेजारी पेन्सिल म्हणत होती: 'कारभारी रान ठरवतो. पण पाणी लांब असलं तर बाया घोड्यावरचं बिऱ्हाड खाली उतरवत न्हाईत. कोण काय बोलत न्हाई. नुसत्या हुभ्या राहत्यात. मग कारभारी दुसरं रान बघतो.'

धुळाने उभ्या उभ्या अकरा पानं वाचली. त्याच्या आठ वर्षांच्या वाचनात असं एक वाक्य त्याला लिहिता आलं नव्हतं. त्याला एकच गोष्ट लख्ख दिसली, ही पास होणार. पहिल्या नाहीतर दुसऱ्या झटक्यात. आणि मग वाड्यावर, गावात, चावडीवर, शिकलेलं पोरगं कोण आणि घोड्यामागं गेलेली पोरगी कोण, ह्याचा हिशेब लोक नव्याने मांडणार.

त्याने वही मिटली. "जगल्यालं येगळं आन पेपरात लिहायचं येगळं असतं, मंगल. ह्यात तू वाहवत जाशील. लोकप्रशासन घे. लहान अभ्यासक्रम हाय, मार्क मिळत्यात."

"तू म्हणतोस तर घेते," ती म्हणाली होती. एवढंच.

वही त्याने तिला परत दिली नाही. पण ती डोळ्यासमोरही नको होती. दोनच दिवसांनी इस्लामपूरकडची राजेश्वरी आली. इंजिनिअरिंग झालेली, वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले, घरी उसाची शेती. मेंढरं तिने पाहिली होती ती आपल्या रानात खतासाठी बसलेली, बांधावरून. तिच्यापुढे त्याने कोरा कागद सरकवला. तिने घरातल्या लग्नाच्या देण्याघेण्यावर पानभर लिहिलं. चांगलं लिहिलं. "मानवशास्त्र घ्या," तो म्हणाला, आणि खणातली वही काढून तिच्या हातात दिली. "ही ठेवा. परत नाही दिली तरी चालेल."

निकाल दोघींचाही लागला. राजेश्वरीला वैकल्पिकात पाचशेपैकी दोनशे ब्याण्णव आणि यादीत नाव. मंगलला एकशे अठ्ठ्याऐंशी, यादीत नाव नाही.

"बोल की," मंगल म्हणाली. "सत्काराला मी तुझ्या शेजारी बसले व्हते. राजेश्वरी म्याडमनी स्टेजवर बिऱ्हाडाचं सांगितलं, तवा मी तुला काय इचारलं?"

"आठवत न्हाई."

"मी इचारलं, दादा, ह्या बाईला हे कसं म्हाईत? तू म्हणलास, वाचलं असंल कुठंतरी."

"मग खोटं न्हाई ते. वाचलंच व्हतं तिनं."

हे तो बोलला आणि त्यालाच ते जिभेवर कडू लागलं. मंगल हसली. हसताना ती अगदी सुलाबाईसारखी दिसायची.

"टाळ्या वाजवल्या मी. लय जोरात. म्हणलं, आपल्या बायांचं कुणीतरी दिल्लीपतूर न्हेलं." तिने वहीवर बोट ठेवलं. "माझंच वाक्य. अन् मी तिकडं अंदाजपत्रकाचं पाठ करत बसले."

"आगं, तुझ्या भल्यासाठीच—"

"थांब. भलं नगं. मला एक सांग. हितं येणाऱ्या प्रत्येक पोराला तू कोरा कागूद देतोस. मला का न्हाई दिलास?"

बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. धुळाने आवाज आणखी खाली आणला. "तू परकी हायस व्हय? घरच्या माणसाला काय कागूद द्यायचा? मला म्हाईत न्हाई व्हय तू?"

"मग परकं धर मला. आत्ता. सहा वाजूस्तवर."

"मंगल, येडेपणा करू नगंस. वेळ चाललाय. लोकप्रशासनच ठेव, दोन वर्षं अभ्यास झालाय त्यात, फुकट घालवू नगंस."

हे तो म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात सरांचा आवाज आला, सगळ्या पोरांना पटणारा. आणि त्याला आत कळलं की आपण दुसऱ्यांदा तेच करतोय. शब्द थांबवता आले असते. त्याने थांबवले नाहीत.

मंगल म्हणाली, "आईनं मला हे एकच वरीस दिलंय, म्हाईत हाय न्हवं? तिचं गुडघं गेल्यात. पुढच्या दिवाळीला घोड्याचा कासरा पुन्हा माझ्या हातात. मला राग काढायला वेळ न्हाई, दादा. तू वही दिलीस त्याचंबी काय न्हाई. वाक्यं मला अजून येत्यात, वाडा हाय तवर येत राहतील. पण तू हुशार हायस. पोरांच्या बाबतीत तुझं चुकत न्हाई, समदी सांगली म्हणती. तुझ्या तोंडून मला एकदा ऐकायचंय."

"काय?"

तिने त्याच्या टेबलाचा खण ओढला. तिला ठाऊक होतं कागद कुठं असतात. वरचा एक कोरा काढला, कॉम्प्युटरचा की-बोर्ड बाजूला सारून त्याच्यापुढे ठेवला. मग पिशवीतून पेन्सिल काढली. वाड्यावर टोकयंत्र नसतं, म्हणून ती कोयत्यानं तासून टोक काढायची. तशी, ओबडधोबड टोकाची.

"मोबाइल इथं ठेव," ती म्हणाली, अगदी त्याच्या सुरात. "पुस्तक उघडायचं न्हाई. पानभर नगं, एकच शब्द लिही. एक परकी पोरगी हाय. सातवीत शाळा सुटली, सोळा वरसं मेंढरांमागं चालली, तुझ्या वहीतल्या चुका तिनं काढल्या. तिनं कुठला इषय घ्यावा?"

धुळाने पेन्सिल उचलली. बोटांना तासलेलं लाकूड टोचलं. पडद्यावर चौकोन उघडा होता, विषयांची यादी लोंबत होती. शब्द त्याला माहीत होता. दोन वर्षं माहीत होता. तो लिहिला की दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतलं खोटंही त्याच्याच अक्षरात कबूल होणार होतं, आणि तो कागद बहिणीच्या हातात राहणार होता, त्याच्या सहीसारखा.

काचेवर टकटक झाली. दहिवडीचा एक नवा पोरगा दार किलकिलं करून उभा होता. "सर, ऑप्शनलचं जरा विचारायचं होतं. फॉर्म आजच बंद होतोय."

"सर आत्ता माझंच बघाय लागल्यात," मंगल म्हणाली. "थांब जरा."

पोरगा दारातच थांबला. मंगलने धुळावरची नजर हलवली नाही. "लिही, सर."

धुळाने पेन्सिल कोऱ्या कागदावर आडवी ठेवली, नीट, कागदाच्या कडेला समांतर. उठला. खुर्ची आत सरकवली. दारातल्या पोराला खांद्याला धरून बाजूला केलं आणि नव्वद वाकलेल्या मानांच्या मधून, पाय न वाजवता, जिना उतरून गेला.