दुपारी बंद पडणारं घड्याळ

धंतोलीच्या दवाखान्यात बाबांना स्टेंट टाकली, त्यानंतर मीच त्यांच्या मनगटावर ते स्मार्टवॉच बांधलं. आई गेल्यापासून ते सक्करदऱ्याला एकटे राहतात, मी त्याच शहरात, पण दूर मनीषनगरला. त्यांच्या ठोक्यांचा आकडा माझ्या फोनवर दिसणार होता. म्हणजे ऑफिसात बसल्याबसल्या काळजी करायची माझी सोय झाली.

पण दुपार झाली की घड्याळाची बॅटरी संपायची आणि आकडा गायब व्हायचा. फोन लावावा तर बाबांचा फोन कुठल्यातरी उशीखाली, आवाज बंद करून ठेवलेला. मग जेवणाच्या सुट्टीत तोंडाला दुपट्टा बांधायचा आणि त्या उन्हात स्कूटी काढायची. दार उघडायला बाबा स्वतः यायचे, धडधाकट. "ये, जेवून घे," म्हणायचे. मी घड्याळ चार्जरला लावायची, दोन घास गिळायची आणि परत पळायची. अर्धा उन्हाळा असा गेला. मी इतकी थकले होते की घड्याळ विकणाऱ्या दुकानदाराशी उगाच भांडून आले.

शेवटी एका रविवारी ठाण मांडून बसले आणि बाबांच्या फोनमधल्या सेटिंग उघडल्या. फोनमध्ये आलेला प्रत्येक फोटो आपोआप घड्याळात उतरत होता. आणि बाबांना फोटो काय कमी येतात? नातेवाईक, कॉलनी, जुने सहकारी, सगळ्यांचे गुलाबाचे, सूर्योदयाचे सुप्रभात. ते ओढून घेता घेता घड्याळाचा जीव जात होता. बाबा माझ्या मागे उभे राहून बघत होते.

"हे बटण बंद केलंय बाबा. आता दिवसभर चालेल."

"बरं वं बाई," ते म्हणाले.

खरंच चालायला लागलं. मी डबा निवांत खाऊ लागले. सक्करदऱ्याला जाणं रविवारवर आलं. मग एका रविवारी पाहुणे आले, एका रविवारी माझंच अंग दुखत होतं. आकडा तर ठीक दिसत होता.

आणि परवा भरदुपारी तो आकडा गेला. पुन्हा दुपट्टा, पुन्हा ऊन. रस्ताभर मी नको नको ते मनात आणलं.

दार उघडंच होतं. बाबा जेवायला बसण्याच्या बेतात होते. ताटं दोन मांडलेली. मी त्यांचा फोन उचलला. फोटोंचं ते बटण चालू होतं.

"हे कोणी केलं?"

"म्या केलं. तूच त दाखवलं होतं."

"काहून बाबा?"

ते वरण वाढत होते. वर न बघता म्हणाले, "घड्याळ चालू राह्यलं त तू येत नाही."

मला राग आला. जीव मुठीत धरून आले होते मी. ओरडायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. बाबा गोंधळले. "बंद करून टाक ते," म्हणाले, "तुले लय तरास होते."

मी घड्याळ चार्जरला लावलं, हात धुतले आणि ताटावर बसले.

"राहू द्या," मी भात कालवत म्हणाले. "उद्या येईन तेव्हा करीन."